हॅमरफेस्टचा खांब आणि हिंगणघाटचा लॅम्बटन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला नॉर्वेच्या क्रूझवरचा लेख वाचला. फ्योर्डचे, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांचे, फोटो झकास, खर्चाचा हिशोबही कामाचा. पण हॅमरफेस्ट या गावाला लेखकानं ‘लहानसं बंदर, विशेष काही नाही’ एवढ्यावर वाटेला लावलं, ते वाचून राहवलं नाही. निदान वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं तरी त्या गावात उतरल्याशिवाय परत येऊ नये. का, ते सांगतो.

मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक, लोकांच्या तोंडी मोजणीदार. साखळी, झेंडे, प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायची तिपाईवरची पाटी) इथपासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी मशीनपर्यंत सगळं हाताळलं. धुऱ्यासाठी डोकी फोडणारे सख्खे भाऊ, नेमका मोजणीच्या दिवशी आजारी पडणारा लगतचा शेतकरी, रातोरात चालत जाणारा हद्दीचा दगड, यातच नोकरी सरली. असा माणूस स्वतःच्या पेन्शनवर नॉर्वेला जात नसतो. आमची लेक आणि जावई बर्गनला नोकरीला आहेत, तिकिटं त्यांनीच काढली. आम्ही ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी नेली. सौ. माळकरी, त्यामुळं मासळीवर जगणाऱ्या त्या मुलखात तिचं कसं व्हायचं, हा घोर मला होता. पण बोटीवर उकडलेले बटाटे, ब्रेड आणि तिकडचं तपकिरी चीज यावर तिनं छान निभावलं. चीज काढल्यावर उरलेलं पाणी साय घालून आटवत राहायचं, म्हणजे ते गोडसर, खरपूस चीज होतं. चुलीशी उभ्या राहणाऱ्या कुठल्याही बाईला ती कृती ऐकूनच पटते.

बर्गनला पाऊस. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर, आणि तिथं स्वेटरवर रेनकोट. वर्षाला सव्वादोन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो म्हणतात, म्हणजे आपल्या दुपटीच्या घरात. पण आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने रिपरिपतो. बंदरावर ब्रुग्गन नावाची जुन्या लाकडी वखारींची ओळ आहे. हान्सा या जुन्या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी तिथं बसून सुक्या मासळीचा व्यापार करत. १९७९ पासून ती जागतिक वारशात आहे. मी ओळंब्याच्या नजरेनं पाहिलं, एक भिंत सरळ नाही. पण मला भावली ती वेगळीच गोष्ट. १७०२ च्या आगीत हा भाग जळाला आणि लोकांनी तो जुन्याच आखणीवर, जुन्याच बोळांसकट पुन्हा उभा केला. आपल्याकडं घर पडलं की नवीन भिंत हातभर रस्त्यावर येते, हे मी किती नकाशांवर पाहिलंय!

तिथून बोट. लेखात आहे तसं मोठं चकचकीत जहाज नव्हे. बर्गनहून वर पार रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाणारी किनारबोट. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानानं १८९३ साली ही सेवा सुरू केली, तेव्हा उत्तरेकडच्या गावांना हिवाळ्यात पत्र पोचायची मारामार होती. आजही ती चौतीस बंदरं घेते. आमच्यासारखे हौशी प्रवासी असतातच, पण मालही असतो आणि एका बंदरावर चढून पुढच्या बंदरावर उतरणारी गावची माणसंही असतात. थेट समुद्रावरची एसटीच, फक्त वेळेवर येणारी. रात्री दोन वाजता कुठल्याशा धक्क्यावर बोट लागते, क्रेनसारख्या गाडीनं दहा-वीस खोकी उतरवतात, एक बाई पिशवी घेऊन चढते आणि बोट सुटते. मी असले थांबे पाहायला मुद्दाम उठून डेकवर जायचो. क्रूझला जाणाऱ्यांनी हीच बोट धरावी, असं माझं मत. आणि हो, इतक्या उत्तरेलाही ही बंदरं हिवाळ्यात गोठत नाहीत, कारण अटलांटिकमधला कोमट पाण्याचा प्रवाह या किनाऱ्याला लागूनच वर सरकतो. तो नसता तर ही बोटही नसती.

ओलेसुंद हे गाव २३ जानेवारी १९०४ च्या रात्री जळालं. दहा हजारांच्या आसपास माणसं भर थंडीत उघड्यावर आली, दगावलं मात्र एकच. मग दगडविटांत नवं गाव बांधलं, ते सगळं एकाच काळातलं, कमानी-मनोऱ्यांचं. चारशे अठरा पायऱ्या चढून अक्सला टेकडीवरून दिसतंही सुंदर. पण माझं लक्ष जावयानं सांगितलेल्या एका डोंगराकडं लागलं. तिथून आत, गेइरांगरच्या वाटेवर ऑकेरनेसेट नावाचा डोंगर आहे. त्याला भेग पडलीय आणि ती वर्षाला काही सेंटीमीटर रुंदावते. एक दिवस तो कडा फ्योर्डमध्ये कोसळणार आणि लाट उठणार, हे तिथल्या लोकांनी धरूनच ठेवलंय. जवळच्याच टाफ्योर्डमध्ये १९३४ साली तसं झालं, चाळीस माणसं गेली. म्हणून त्या भेगेवर जीपीएस, लेसर, रडार लावून रात्रंदिवस मोजणी चालते, आणि कडा सुटण्याआधी गावं रिकामी करायची तयारी आहे. आपल्या लेखात गेइरांगरच्या धबधब्यांवर दोन परिच्छेद आहेत. या भेगेवर एक ओळ हवी होती.

आर्क्टिक वृत्त ओलांडताना बोटीवर गार पाणी आणि बर्फ मानेवरून पाठीत ओततात, मोठा कार्यक्रम असतो. सौ.नं हात जोडले, “नको जी बाप्पा, मले अशीच थंडी वाजून राहिली.” ट्रॉम्सोच्या पुढं रात्र होईना. मी रात्री एकला तिला सूर्य दाखवायला उठवलं, तर म्हणाली, “कायले उठवून राहिले? तो काय पळून चालला का?” बरोबरच होतं, तो कुठंच चालला नव्हता.

लोफोटेन बेटांवर लाकडी मांडवांवर कॉड मासे जोड्या-जोड्यांनी टांगलेले. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नुसत्या वाऱ्यावर सुकवतात, मीठ नाही. हवा शून्याच्या आसपास राहते म्हणून मासा ना सडतो, ना गोठून फुटतो. धड इटलीला जातं, मुंडकी नायजेरियाला. वासाचं वर्णन करत नाही.

नॉर्थ केपलाही गेलो. सव्वातीनशे यार्डांहून उंच कडा, त्यावर लोखंडी पृथ्वीगोल, त्याखाली फोटो काढणाऱ्यांची रांग. युरोपचं उत्तर टोक म्हणून सर्टिफिकेटसुद्धा मिळतं. पण नकाशा उघडून पाहा, शेजारचीच क्निवशेलोडन नावाची बुटकी सोंड दीड किलोमीटरभर आणखी उत्तरेला गेलीय! शिवाय दोन्ही जागा बेटावर, खंडाच्या मुख्य भूमीचं टोक तिसरीकडंच. दगड एका गटात आणि पर्यटक दुसऱ्या गटात, असं हे प्रकरण. मोजणीदाराला हसू येणारच.

आता हॅमरफेस्ट. परतीच्या वाटेवर बोट तिथं दोनेक तास थांबते. १९४४ साली माघार घेताना जर्मन सैन्यानं हे गाव जाळलं, तेव्हा स्मशानाजवळची एक छोटी प्रार्थनाघराची इमारत तेवढी वाचली. म्हणून घरं सगळी नवी, साधी. पाहण्यासारखं काही नाही असं लेखकाला वाटलं असेल तर नवल नाही. बंदराला वळसा घालून आम्ही फुगलेनेसला चालत गेलो, जावयाचं लक्ष घड्याळाकडं. तिथं ग्रॅनाइटचा एक खांब आहे, डोक्यावर काशाचा पृथ्वीगोल. १८५४ सालचा. त्यावर लॅटिन आणि नॉर्वेजियन भाषेत कोरलंय, ते लेकीनं वाचून दाखवलं : आर्क्टिक महासागरापासून डॅन्यूब नदीपर्यंतच्या रेखावृत्ताच्या चापाचं (म्हणजे पृथ्वीवरच्या उत्तर-दक्षिण रेषेच्या तुकड्याचं) हे उत्तर टोक, १८१६ ते १८५२ अखंड परिश्रम करून तीन राष्ट्रांच्या मोजणीकारांनी तो मोजला. खाली अक्षांश, सेकंदाच्या दशांशापर्यंत.

मी त्या आकड्यावर बोट ठेवून उभा होतो. आयुष्यभर मी ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, सही केली आणि ती प्रत कुणाच्या तरी ट्रंकेत किंवा कोर्टाच्या बस्त्यात गेली. मोजणी पुरी झाली म्हणून कुणी खांब उभारतो, आणि तो खांब २००५ साली जागतिक वारसा होतो, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. फ्रीडरिश श्ट्रूवे या खगोलशास्त्रज्ञानं हे काम चालवलं. दोन हजार आठशे वीस किलोमीटरची त्रिकोणांची माळ. आज ती दहा देशांतून जाते, रशिया आणि युक्रेन दोघंही त्याच एका यादीत आहेत.

वाचकांसाठी थोडक्यात पद्धत सांगतो. सपाट जागेवर एक पायारेषा काटेकोर मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीवरच्या खुणेचा कोन घ्यायचा. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणितानं मिळतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा. नदी, जंगल, दरी काही आडवं येत नाही, कारण साखळी फिरवायचीच नसते. दोन टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून घेतले की एका अंशाची जमिनीवरची लांबी निघते. हिंगणघाटाकडं एक अंश साधारण ११०.७ किलोमीटरचा, हॅमरफेस्टकडं १११.६. पृथ्वी ध्रुवांकडं चपटी आहे याचा पुरावा या पाऊण किलोमीटरहून थोड्या जास्त फरकात आहे.

आणि हिंगणघाटाचं नाव मी उगाच घेतलं नाही. श्ट्रूवे उत्तरेत मोजत होता, त्याच्या आधीच कंपनी सरकारच्या विल्यम लॅम्बटन या मोजणीकारानं १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा घालून हिंदुस्थानची अशीच रेषा सुरू केली होती. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं. १८०८ साली तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना ते आदळून बिघडलं, तर या गड्यानं तंबूत बसून स्वतः ठोकून-ठाकून सरळ केलं. वीस वर्षं ही रेषा कन्याकुमारीकडून उत्तरेकडं आणत आणत, सत्तरीला टेकलेला आणि छातीच्या दुखण्यानं खंगलेला हा म्हातारा हैदराबादहून नागपूरला निघाला, आणि जानेवारी १८२३ मध्ये वाटेत हिंगणघाटला वारला. त्याला तिथंच पुरलंय. काम त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं, आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराला १८६५ मध्ये त्याचंच नाव मिळालं. इंग्लंडच्या क्लार्क या मोजणीकारानं १८५८ साली पृथ्वीच्या आकाराचं गणित मांडलं, त्यात हॅमरफेस्टहून निघालेली रेषा होती आणि हिंगणघाटावरून गेलेलीही होती.

मी हिंगणघाटच्या शाळेत शिकलो, वणेच्या काठावर हुंदडलो. लॅम्बटनचं नाव मला एकाही गुरुजीनं सांगितलं नाही. खात्यात लागल्यावर एका म्हाताऱ्या निमताणदाराकडून, म्हणजे मोजणी तपासणाऱ्याकडून, चहा पिताना कळलं. नागपूरच्या झिरो माईलपाशी आपण सगळे फोटो काढतो. तिथून दीड-दोन तासांवर हे आहे, ते किती जणांना ठाऊक असेल?

यावर एक आक्षेप येणार, तो ठीकच आहे : लॅम्बटन कंपनी सरकारचा माणूस, मोजणी त्यांच्या राज्यासाठी. होय. पण साखळी धरणारे, टेकडीवर झेंडा घेऊन दिवसदिवस बसणारे, रात्री मशाल दाखवणारे, जंगलात तापानं मेलेले लोक इथलेच होते. त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. हॅमरफेस्टच्या खांबावरही हमालांचा उल्लेख नाही, राजांचा आहे. आपण फलक लावलाच, तर त्यावर हे साखळीवाले आधी यावेत आणि लॅम्बटन नंतर, माझी काही हरकत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पुतळा नको, उद्यान तर नकोच, त्याचं काय होतं ते आपण पाहतो. हिंगणघाटच्या बसस्थानकावर आणि रेल्वे स्टेशनवर मराठीत एकेक फलक लागावा : इथं काय झालं, कधी, आणि कबर कुठल्या दिशेला. मला तरी तसा फलक आजवर दिसलेला नाही. खर्च चार पोत्यांच्या कापसाएवढा. आणि जिल्ह्यातल्या आठवी-नववीच्या पोरांनी वर्षातून एकदा वणेच्या काठावर येऊन, पाण्यात पाय न घालता, नुसत्या कोनांवरून नदीची रुंदी काढावी. मग दोरी टाकून ताळा घ्यावा.

यासाठी कुणी शाळा तयार असेल तर मी येईन. माझ्याकडं लिलावात घेतलेला जुना प्लेन टेबल आहे, तिपाईची एक टांग नवी बसवलीय, बाकी शाबूत. गाडीभाडं नको, जेवणाचा डबा सौ. देते. फक्त पेरणीचा पंधरवडा सोडून तारीख द्या, तेव्हा मी वावरात असतो. नाव, पत्ता आणि फोन नंबर संपादकांकडं ठेवला आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त भूकरमापक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा