माणूस कापला, गाढव ठेवलं

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत भूपेन खख्खर यांच्यावरचा पानभर लेख वाचला. एका मनुष्याकृतिप्रधान चित्रकाराला मराठी वर्तमानपत्राने अख्खं पान दिलं, याबद्दल आधी आभार मानतो. आता तक्रार.

लेखासोबत ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे १९८१ सालचं चित्र छापलं आहे. छापलं आहे म्हणजे त्यातला तुम्हाला सोसवेल तेवढा तुकडा छापला आहे. मूळ चित्रात सज्जात एक पुरुष नागवा उभा आहे आणि समोरच्या जगाकडे बघतो आहे. समोर बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट एकामागून एक प्रसंगांत चालली आहे. लोक नावं ठेवतात म्हणून कधी मुलगा गाढवावर बसतो, कधी बाप, ती आपल्या सगळ्यांना बालपणापासून पाठ असलेली गोष्ट. तुम्ही माणूस कापलात आणि गाढव ठेवलंत. हा माणूस जवळजवळ खऱ्या माणसाच्या मापाचा रंगवलेला आहे, तो चुकून कसा कापला जाईल? कुणीतरी बसून, बेतून केलेलं काम आहे ते. वाचक काय म्हणतील, जाहिरातदार काय म्हणतील, शाळेतल्या मुलांच्या हाती अंक पडला तर काय! गोष्टीतल्या बापाचंही हेच झालं होतं, पण त्याला निदान गाढव खांद्यावर वाहून न्यावं तरी लागलं. तुमचं कात्रीवर भागलं.

त्याच पानावर खाली बनियनची पाव पान जाहिरात आहे. तिच्यातल्या गृहस्थाला मात्र कुणी हात लावलेला नाही.

बरं, माणूस गेला तरी लेखात तो सापडेल म्हणून शोधलं. तिथेही नाही. खख्खर समलैंगिक होते आणि हे चित्र म्हणजे त्यांनी जगासमोर दिलेली कबुली मानली जाते, याचा पानभरात उल्लेख नाही. त्याऐवजी ‘मिश्कील’ हा शब्द किती ठिकाणी यावा? समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम ऐन भरात असताना चाळिशी उलटलेला माणूस स्वतःला असा सज्जात उभा करतो आणि समोर इसापाचं गाढव सोडतो. याला मिश्कील म्हणून मोकळं होणं म्हणजे कमालच. न्यायालयाने त्या कलमाचे दात काढले ते २०१८ साली. खख्खर २००३ मध्येच गेले होते.

प्रेरणांची यादी लेखकाने दिली आहे आणि ती बरोबर आहे: इटलीतल्या सिएनाचे जुने चित्रकार, फ्रेंच चित्रकार आंरी रूसो, कंपनी सरकारच्या साहेबांसाठी देशी चित्रकारांनी घडवलेली कंपनी शैली, कॅलेंडरवरची चित्रं. पण लग्नाच्या बायोडाटासारखी ओळीने मांडून पुढे काय? साठच्या दशकात त्यांनी देवादिकांच्या छापील तसबिरी कापून चिकटवल्या, त्यावर मुतारीच्या भिंतीवर असावं तसं खरडलं. पुढे बडोद्यात राहून घड्याळजी, न्हावी, शिंपी रंगवले, आणि ते अशा आदराने की जणू संस्थानिकच बसले आहेत चित्रासाठी. सिएनाचा संतपुरुष आणि ‘जनता वॉच रिपेअरिंग’चा मालक एकाच पंगतीला. हसू येतं ते तिथे. दिवसाचा काही वेळ हा माणूस कंपनीचे हिशेब लिहायचा, पेशाने सनदी लेखापाल. लेखात तेही ‘गमतीची बाब’ म्हणून आलं आहे. लोकांच्या जमाखर्चात डोकं घालून बसणाऱ्याला माणसं आतून दिसतात, एवढं तरी सुचायला हरकत नव्हती.

या ‘गमती’चा मला जुना राग आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दालनात त्यांच्या ‘मॅन विथ अ बुके ऑफ प्लास्टिक फ्लॉवर्स’समोर उभा होतो. मधोमध मोठा माणूस, हातात प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ, चेहरा असा की जणू साहेबांच्या निरोप समारंभात त्यालाच पुढे ढकललंय आणि साहेब अजून आलेले नाहीत. भोवती लहान लहान प्रसंग. मी हसलो. मोठ्याने हसलो, हे कबूल. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण लगबगीने आला आणि म्हणाला, “काका, प्लीज. हे सीरियस काम आहे.” मग तो सोबतच्या घोळक्याला मध्यमवर्गीय पुरुषाच्या एकाकीपणाबद्दल सांगू लागला. घोळका माना डोलावत होता. एकाच्याही तोंडावर रेघ हलली नाही. अरे बाबा, तो एकाकीपणा मलाही दिसत होता, म्हणून तर हसू फुटलं! समोरचा गुच्छवाला तेवढा माझ्या बाजूचा वाटला.

एकीकडे हा तरुण, दुसरीकडे तुमचे लेखक. त्याला हसू चालत नाही, यांना हसण्याखेरीज काही दिसत नाही. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात खख्खरांबरोबर आपले चित्रकार सुधीर पटवर्धनही होते. त्यांच्यावर लिहिताना तुम्ही ‘वास्तवाचं भान’ वगैरे लिहाल, आणि खख्खरांना मात्र विनोदी पुरवणीत बसवाल. दोघेही रस्त्यावरचाच माणूस रंगवत होते हो.

जाता जाता आणखी एक. चित्राखाली साल नाही, माध्यम नाही, माप नाही. फक्त ‘छायाचित्र : संग्रहित’. कुणाच्या संग्रहात? मूळ चित्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे. मध्यंतरी ते तुमच्या कचेरीत आलं असेल तर तसं जाहीर करावं, आम्ही रांग लावून बघायला येऊ. आलं नसेल तर पुढच्या रविवारी चित्र पूर्ण छापावं. जागा कमी पडली तर बनियनवाल्यांना विचारून पाहावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार