चौदा मिनिटं

लातूर, रविवार

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. बीपी गोळीवर आहे, आई बरी आहे. लिहायचं कारण तुला माहीत आहे आणि मला नाही, पंचाईत तीच आहे.

मंगळवारी सकाळी मोबाईल बघितला तर सगळ्यात वर तुझं नाव. रात्री १२.४०, चौदा मिनिटं. फोन मी लावलेला. देवाशपथ सांगतो, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. प्यालो नव्हतो. तुला लगेच पांड्याच्या लग्नातली रात्र आठवली असेल, म्हणून आधीच सांगितलं.

झोपेची गोळी होती. हसू नको. अंबाजोगाईचं तिकीट काढून परळीला उतरणारा मी, बारावीच्या फिजिक्सला तू घागर ओतलीस तेव्हा उठलेला मी (वही भिजली होती, ते मी विसरलेलो नाही), दोन वर्षं झाली, रात्रभर पंख्याची पाती मोजतोय. तीनच आहेत लेका! पोरीच्या नीट परीक्षेपायी लागलेली सवय. पहाटे चारला तिच्यासोबत उठायचं, चहा ठेवायचा, रात्री ती पुस्तक मिटेपर्यंत जागायचं. लातूर पॅटर्न पोरांचा कमी, आईबापांचाच जास्त. पोरगी नांदेडला एमबीबीएसला लागली, तिथं घोरते म्हणे. माझी झोप काही वापस आली नाही.

आधी औषधाच्या दुकानात जाऊन म्हटलं, अल्प्राझोलम दे ०.२५ ची. पोरगं म्हणालं, "चिठ्ठी आणा काका, एच-वन यादीतली गोळी आहे. तुमचं अन् डॉक्टरचं नाव रजिस्टरला चढवावं लागतंय, तीन वर्षं जपून ठेवावं लागतंय." माझ्या झोपेचा सातबारा! मग गेलो डॉक्टरांकडे. त्यांनी झोल्पिडेम दिली, थोडे दिवस. अंथरुणावर बसूनच घ्यायची, लगेच आडवं व्हायचं, मोबाईल लांब. पहिल्या रात्री सहा तास झोपलो रे. सकाळी रडूच आलं. मग अंगात शहाणपण शिरलं, गोळी घेऊन मोबाईल चाळत बसायला लागलो. थोड्या दिवसांचे दोन महिने झाले. हिनं एकदा माझ्यातली गोळी मागितली तर डॉक्टर खवळले. बायकांच्या अंगातून ती सावकाश उतरते, अमेरिकेत २०१३ पासून त्यांना सुरुवातीला १० ऐवजी ५ मिलिग्रॅमच देतात म्हणे.

फोनचं सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. या गोळीत माणूस झोपेत चालतो, चूल पेटवतो, गाडीसुद्धा काढतो, आणि सकाळी पाटी कोरी. २०१९ मध्ये तिकडच्या औषध खात्यानं त्याचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. एकदा असं झालं की ती गोळी परत नाही. तेव्हापासून स्कूटरची किल्ली हिनं ज्वारीच्या डब्यात ठेवलीय.

आता बाराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही, झोप येवो न येवो साडेपाचला उठायचं, दुपारची डुलकी बंद. पडून झोप नाहीच आली तर उठून बाहेर बसायचं. गोळी सुटल्यावर सुरुवातीच्या रात्री जास्तच वाईट जातात, हे त्यांनी सांगितलं होतं. गल्लीतली कुत्री आता माझ्यावर भुंकत नाहीत.

पण काय बोललो मी? शिव्या दिल्या असतील तर चालतंय. काकांच्या तेराव्याला विहिरीवर जे बोललो, तेच परत बोललो काय? का माफी मागितली? मागितली असेल तर धरू नकोस, ती गोळीनं मागितलीय. जमीन तुझी, कर्ज तुझं, मी कोण बोलणारा? त्या विहिरीत आपण पोहायला शिकलो, तेवढंच डोक्यात होतं. चार वर्षं फोन लावायचा म्हणतोय अन् लावला तो असा.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं पांड्याकडून कळलं. वहिनींना नमस्कार. पोराचं पुण्यातलं जमलं का?

जे बोललो ते आहे तसं लिही. गाळू नकोस.

तुझा,
बंडू

ता. क. : चौदा मिनिटांनी फोन कुणी ठेवला, तू का मी?