लोकरीचे बाराशे रुपये: शिक्षण खातं सांभाळणाऱ्या मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्याला रोज शेकडो पत्रं येत असतील, तरी हे एक वेळ काढून वाचावं अशी विनंती करते. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते, एकोणीस वर्षं झाली. याआधी कुणाला असं पत्र लिहिलेलं नाही. गेल्या सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या गेटवर एक म्हातारी आली आणि म्हणाली, "बाई, पोरास्नी लोकर दिलती, त्याचं पैसं कवा मिळत्याल?" तिच्यासमोर माझ्या वर्गातली पाच मुलं खाली मान घालून उभी होती, म्हणून लिहितेय.

काय झालं ते पहिल्यापासून सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडे एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स आला, नववीसाठी, "सामाजिक उद्योजकता" नावाचा. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका संस्थेशी नाही. बारा शनिवार, दर वेळी दीड तास, शेवटी प्रत्येक गटाला बीज भांडवल, म्हणजे धंदा सुरू करायला, 5,000 रुपये आणि मार्गदर्शकापुढे दहा मिनिटं आपलं काम मांडायची संधी, असं पत्रात छापलेलं होतं. पत्र वरून आलं होतं, म्हणजे आमच्यासाठी ते सरकारीच. मुख्याध्यापक म्हणाले, बाई तुम्ही हौशी आहात, तुम्ही घ्या. मी घेतलं.

आणि खरं सांगते, मला तो विषय आवडला. गावात एखादी अडचण आहे, ती सोडवायला कुणाच्या दारात हात पसरायचा नाही, मोर्चाही काढायचा नाही, तर तिच्यातूनच असा धंदा उभा करायचा की अडचण कमी होईल आणि धंदाही स्वतःच्या पायावर राहील, नफा झाला तर तो परत त्याच कामात घालायचा. नववीच्या पोरांना हे दहा मिनिटांत समजतं. मोठ्या माणसांना समजायला वेळ लागतो.

माझ्या वर्गात 38 मुलं. स्मार्ट टीव्ही आहे पण दोन वर्षं बंद. मग माझाच फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर ठेवायचा, पुढे दोन रांगा खाली बसायच्या, मागचे बाकावर उभे राहायचे. रेंज गेली की फोन घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जायचं, सगळी वरात माझ्यामागे. डेटा माझा, दीड जीबी संपला की वरचं पॅक माझं. कोर्सचे व्हिडिओ निम्मे इंग्रजीत, निम्मे हिंदीत, आणि उदाहरणं कसली तर सोसायटीतल्या मुलांनी लिंबू सरबताचा स्टॉल लावला, कॉफी शॉपचा ग्राहक कोण. आमच्या पोरांनी कॉफी शॉप पाहिलेलं नाही. पण बालआनंद बाजारात मेथीच्या जुड्या विकल्यात, मेंढरांमागं रानोमाळ फिरलेत, आईबरोबर बचत गटाच्या मीटिंगला बसलेत. त्यातलं एकही उदाहरण बारा शनिवारांत आलं नाही.

तरीही पाच जणांच्या एका गटानं जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. (बाकीच्या गटांनीही चांगलं केलं, मोडकी बाकं दुरुस्त करणाऱ्यांचं तर फारच, पण पत्र लांबेल.) आमच्याकडे मेंढपाळ खूप. दिवाळीनंतर बरेच वाडे, म्हणजे मेंढपाळांची बिऱ्हाडं, मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात, म्हातारी माणसं घरी राहतात आणि दिवाळीआधी कातरलेली लोकर पोत्यात तशीच पडून राहते. व्यापारी आला तर किलोला पाच-सात रुपये म्हणतो, नाहीतर येतच नाही, कातरणीची मजुरीसुद्धा त्यातून सुटत नाही. पोरांनी विचारलं, बाई, लोकर फेकून देतात आणि गावात घोंगडी विणणारा म्हातारा सणगर रिकामा बसलाय, असं का? त्याचा खड्डामाग अजून घरात आहे. चिंचोक्याची खळ कशी लावायची ते त्याला येतं, त्याच्या मुलांना येत नाही.

मग ठरलं. पूर्ण घोंगडं विकायला अवघड, म्हणून पोथीला, हरिपाठाला बसायचं छोटं आसन करायचं. चार घरांतून 30 किलो लोकर, 40 रुपये भावानं, म्हणजे 1,200. सूत कातायला दोन आज्या, 1,000. विणणावळ आसनामागे 80, वीस आसनांचे 1,600. एकूण 3,800. एक आसन 250 ला विकलं तर 5,000 येतात, उरले 1,200, ते पुढच्या वर्षी लोकरीला जास्त भाव द्यायला ठेवायचे. हे सगळं त्यांनी एका दोनशेपानी वहीत मांडलं. हिशोब एका मुलीकडे, तिचं अक्षर गिचमिड आहे पण बेरीज कधी चुकत नाही.

आणि इथं मला ऑनलाइनबद्दल एक चांगली गोष्ट सांगायचीच आहे, नाहीतर म्हणाल बाईंना तंत्रज्ञान नको. कोर्सच्या मार्गदर्शकांमध्ये पुण्याचा एक तरुण मुलगा होता. व्हिडिओ चालेना म्हणून त्यानं सरळ फोन केला, मी स्पीकरवर टाकला, वीस मिनिटं बोलला, मराठीत. पोरांनी पहिल्या हिशोबात कातणाऱ्या आज्यांचे पैसेच धरले नव्हते, "त्या घरीच असतात" म्हणून. त्यानं एवढंच विचारलं की आजीच्या वेळेची किंमत कुणी ठरवली, शून्य? वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पोरं आज्यांना विचारून आली आणि 1,000 रुपये खर्चात चढले. बारा आठवड्यांत सगळ्यात मोठं शिक्षण ते वीस मिनिटांचं झालं, साध्या फोनवर झालं. म्हणजे लांबून शिकवता येतं, पलीकडे माणूस पाहिजे आणि अलीकडेही माणूस पाहिजे. तो मुलगा पुढच्या महिन्यात दिसला नाही, त्याचंही मानधन थकलं होतं असं कळलं.

लोकर उधारीवर आणली. कशाच्या भरवशावर? तुमच्या पत्रातल्या 5,000 च्या भरवशावर. पोरं त्याला "बियाण्याचे पैसे" म्हणायची. जानेवारी संपेपर्यंत येतील असं मी स्वतः त्या चार घरी जाऊन सांगितलंय. माझ्या तोंडानं. त्याआधी खात्याचा घोळ झाला. फॉर्ममध्ये विद्यार्थ्याच्या नावचं खातं पाहिजे, आणि आमच्या जवळच्या बँकेच्या शाखेनं पोरांना दोनदा परत पाठवलं, वडिलांना आणा म्हणून. वडील कोकणात मेंढरांबरोबर. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडून द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं 2014 लाच बँकांना दिलीय. ते मी मोबाइलवर दाखवलं तरी काउंटरवरच्या माणसानं मान वर केली नाही. शेवटी तिसऱ्या खेपेला उघडलं.

आणि फेब्रुवारीत कोर्सच्या ग्रुपवर तीन ओळींचा मेसेज. निधीअभावी पुढील टप्पा स्थगित करण्यात येत आहे, सहभागाबद्दल अभिनंदन, प्रमाणपत्रं सोबत जोडली आहेत. पोर्टलची लिंक दुसऱ्या दिवशी बंद. दहा मिनिटं मांडायची संधी नाही, काही नाही. हिशोब ठेवणाऱ्या मुलीचं आडनाव प्रमाणपत्रावर चुकलंय.

नऊ आसनं तोवर गावात भजनी मंडळात विकली गेली होती, 2,250 आले. पोरांनी आधी सणगराचे 1,600 दिले, उरलेले 650 आज्यांना. लोकरवाल्यांचे 1,200 राहिले. ती म्हातारी सोमवारी आली ती त्यासाठी. मी पर्समधून काढून चारही घरचे पैसे तिथल्या तिथं दिले. माझं मोठेपण म्हणून सांगत नाही, हप्ता आणि रिचार्ज जाऊन महिन्याच्या शेवटी मलाही बाराशे जड जातात, माझी मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिची गणिताची प्रॅक्टिस घ्यायला मला रात्री साडेनऊशिवाय वेळ मिळत नाही. का मिळत नाही तेही ऐका. मतदार यादीचं काम माझ्याकडे, ऑनलाइन माहिती भरायची तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीच माहिती, तोच आधार नंबर, फोटो काढा, अपलोड करा, लगेच करा, आज पाच वाजेपर्यंत करा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नका. मतदार यादी निवडणुकीत धरली तरी बाकीची माहिती भरणं त्यात कुठं बसतं? तुमच्याच घरचा कायदा आहे. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी जिने कमी करा म्हटलंय आणि मी रेंजसाठी टाकीवर चढते.

पैसे दिल्यावर त्या मुलीनं वही उघडली आणि लिहिलं, "बाईंचे देणे 1,200." मी म्हटलं अगं राहू दे. ती म्हणाली, "बाई, तुम्ही दिलेत म्हणजे आमचं फिटलं नाही." चौदा वर्षांची मुलगी. तिला देणं म्हणजे काय ते कळतं. तुमच्या खात्यात ते कुणाला कळतं, मला एक माणूस दाखवा.

तुम्ही म्हणाल 5,000 रुपयांसाठी एवढं? हो, 5,000 साठीच. गिरगावात सात बायकांनी 1959 साली 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. आमच्याच तालुक्यात म्हसवडला बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा अंगठेबहाद्दर बायका बँक कशी चालवणार म्हणून परवाना नाकारला गेला होता, त्या लिहावाचायला शिकल्या, परत गेल्या आणि 1997 ला माणदेशी महिला बँक उभी राहिली. ही सामाजिक उद्योजकता आहे, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तुमच्या व्हिडिओत लिंबू सरबत.

आणि हे काय नवीन आहे का महाराष्ट्राला? कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, "कमवा आणि शिका" याच जिल्ह्यातून सगळीकडे गेलं. 1937 ला वर्ध्यात गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडलं. कोठारी आयोगानं 1966 च्या अहवालात कार्यानुभव सांगितला, आणि आपण त्याचं काय केलं, तर एक तास ठेवला ज्यात पोरं कागदाची फुलं करतात किंवा गणिताच्या बाई तो तास मागून घेतात. मीही घेतलाय, कबूल करते. पाबळच्या विज्ञान आश्रमानं 1983 पासून दाखवलंय की वेल्डिंग, शेती, स्वयंपाक, वीज यांतून शाळा शिकवता येते. मग 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, सहावीपासून व्यवसायाची ओळख, दप्तराविना दहा दिवस. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करू हे कोठारींच्या वेळेपासून ऐकतोय आणि 2020 मध्येही तेच वाक्य आहे. साठ वर्षं तेच वाक्य! दर दहा-पंधरा वर्षांनी नाव बदलतं, पीपीटी बदलते, पैसे देणारा हात आखडतोच.

दिल्लीच्या सरकारी शाळांत 2021 मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी डोई 2,000 रुपये दिले गेले. त्यातले किती धंदे टिकले यावर लोक भांडतील, भांडू देत, पण आधी पोरांच्या हातात पैसे पडले. आपल्याकडे पोरांच्या हातात पीडीएफ पडली. मुलांना सगळं फुकट द्या असं मी म्हणतच नाहीये, बीज भांडवल परत घ्या हवं तर, माझी पोरं परत करतील, व्याजासकट करतील. फक्त सांगितलेलं द्या. कारण हा विषय असा आहे की त्यात पुस्तक म्हणजे दिलेला शब्द आहे. इतिहासाचा धडा राहिला तर पुढच्या आठवड्यात घेता येतो. इथं पोरांनी गावात शब्द दिला, तुम्ही पोरांना दिलेला मोडला, की शिकवलेलं सगळं उलटं होऊन बसतं. त्या पाच जणांना आता काय कळलं? की मोठी माणसं कागदावर लिहितात ते खरं धरायचं नसतं.

तर माझं मागणं. आमच्या गटांचे आणि राज्यात अशा जेवढ्या शाळा अडकल्या असतील त्यांचे पैसे द्या, उशिरा द्या पण द्या. पुन्हा असा कोर्स आणाल तेव्हा आधी पैसे शाळेच्या खात्यात ठेवा आणि मग पहिला शनिवार सुरू करा. व्हिडिओ मराठीत करा, डाउनलोड करून पेनड्राइव्हवर द्या, त्यात लोकर असू दे, दूध असू दे, बचत गट असू दे, ऊसतोडीवरून आलेल्या पोराला आपलं घर दिसू दे. वेळापत्रकात दोन तास द्या, जलसुरक्षा विषयासारखं आणखी एक पुस्तक आणि श्रेणी नको, खरे दोन तास. आणि जी बाई हे घेईल तिच्याकडचं एक तरी ऑनलाइन काम काढून घ्या. गावात हिशोब जाणणारा एक माणूस, बचत गटाची अध्यक्ष, डेअरीचा सचिव, कुणीही, त्याला मानधन देऊन वर्गाशी जोडा, आणि पुण्याच्या त्या मुलासारखे फोनवर बोलणारे असतील तर त्यांचे पैसे वेळेवर द्या.

अकरा आसनं शाळेच्या कपाटात आहेत. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेत विकायची असं पोरांनी ठरवलंय, शंभूमहादेवाच्या पायऱ्यांजवळ जागा मिळते का ते विचारायला दोघं जण जाऊनही आले. वहीत आज एवढंच बाकी आहे: आज्यांचे 350, बाईंचे 1,200. आणि समोरच्या पानावर "येणे" खाली तुमचे 5,000, त्या ओळीवर तिनं अजून काट मारलेली नाही. मारायची का म्हणून तिनं काल विचारलं. मी सांगितलं, थांब, मी पत्र लिहिते.

उत्तर मला नको, वर्गाला द्या. शनिवारी दुपारी 2 वाजता सगळे असतात.

आपली,
नववीच्या वर्गशिक्षिका,
ता. माण, जि. सातारा