‘हातात किती’ तेही पाटीवर लिहा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एमआयडीसीत कामाला पोरं मिळत नाहीत’ ही उद्योजकांची तक्रार आपल्या अंकात वाचली. मीही त्यातलाच. वाळूजला माझं सीएनसी जॉबवर्कचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांचे सुटे भाग कापून द्यायचं, छोटं वर्कशॉप आहे, माणसं सव्वीस. ही मोबाइलवाली पिढी, यांना घाम नको, सकाळी आले तर दुपारी असतील याचा नेम नाही, हे रडगाणं चहाच्या टपरीवर मीही पुष्कळ गायलोय. आता त्यातलं निम्मं मला खोटं वाटतं.

गेल्या वर्षी गेटवर पाटी लावली होती: ‘ऑपरेटर पाहिजेत, आयटीआय, पगार 18,700’. जिंतूरकडचा एक पोरगा आला, वय वीस. मी काही विचारायच्या आत त्यानंच विचारलं, “सर, हातात किती पडतेत?” मी म्हटलं, कटिंग होऊन येतील, बघू. त्यानं मोबाइल काढला आणि माझ्या टेबलावरच हिशेब मांडला. 18,700 मध्ये मी माझ्याकडून भरायचा पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि वर्षाचा बोनससुद्धा धरला होता. खरा पगार 15,000. त्यातून पीएफचे 1,800, ईएसआयचे 113, व्यवसाय कराचे 200 गेले की उरतात 12,887. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300, म्हणजे त्या महिन्यात आणखी शंभर कमी. “म्हंजे तेरा पण नाहीत की,” तो म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मी भांडलो असतो.

तरी तो कामावर आला. बाराव्या दिवशी रात्री मेसेज: ‘सर उद्यापासून येणार नाही. बूट लॉकरमध्ये ठेवलेत.’ सकाळी लॉकर उघडलं तर सेफ्टी शूज धुऊन, पुसून, नाड्या आत खोचून ठेवलेले.

चौकशी केली. बारा दिवस त्याला कानस देऊन जॉबचे बर, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला राहिलेले धारदार कंगोरे, काढायला बसवलं होतं, आणि शिफ्ट संपली की धातूच्या किसाचा चिप ट्रे साफ करायला. मशीनच्या पॅनलला हात लावू दिला नाही, माप घ्यायचा व्हर्नियर दिला नाही. आमचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, जुना माणूस. तो म्हणाला, आम्ही दोन वर्षं झाडू मारला तेव्हा कुठं मशीनजवळ उभं केलं. खरंय. मीही असाच शिकलो. पण 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला त्या काळी झाडू मारणाऱ्यापुढं कायम नोकरी दिसत होती. पुढं सिडकोत घर झालं, पोरांची लग्नं झाली. आज त्या पोरापुढं मी काय ठेवतो? सात-अकरा महिन्यांचं कंत्राट, मग ब्रेक, मग पुन्हा नवा कार्डनंबर.

ही पोरं 2005 च्या आसपास जन्मलेली. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पाचवी-सहावीत होती. 2021 ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95 टक्के लागला, आणि तेव्हापासून ‘कोरोना बॅच’ हा टोमणा त्यांच्या मागं आहे. घरात बापाला विमा, अनुदान, कापसाचा भाव यातलं काहीही सांगितल्याप्रमाणं मिळालेलं त्यांनी क्वचितच पाहिलं. ती माझ्या शब्दावर का विसंबतील? आकडा तपासून बघतात, बस.

सरकारी भरतीचं वेड म्हणून आपण त्यांना हसतो. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांना दहा लाखांवर अर्ज आले. वेड आहेच. पण त्या जाहिरातीत वेतनश्रेणी छापलेली होती, 25,500 ते 81,100. आमच्या पाट्यांवर काय असतं? ‘आकर्षक पगार’.

योजनांबाबत तर ती आमच्या पुढं आहेत. एका पोरीनं विचारलं, “माझी ही पहिलीच नोकरी आहे, ते केंद्राचे पंधरा हजार मिळतील का?” मला माहीतच नव्हतं. 1 ऑगस्ट 2025 पासून पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराइतके, कमाल 15,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढायचा, हेही तिनंच मला दाखवलं. (बाईमाणसाला 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणजे तिच्या हातात 200 रुपये जास्त पडतात, हेही तिलाच ठाऊक. आज आमच्याकडं गेज तपासणीला तिच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही.) उलट राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला सरकारकडून 8,000 मिळतात म्हणून काही वर्कशॉपांनी पोरं आणली, मुदतभर फुकट राबवली, काही शिकवलं नाही आणि मुदत संपल्यावर टाटा केला. गावात हे सगळं पसरतं. पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर कंपन्यांची नावं टाकून एकमेकांना सावध करतात.

आता माझ्या पाटीवर दोन आकडे आहेत, पगार 15,000 आणि हातात 12,887. पहिल्या आठवड्यात व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग वाचणं शिकवायचं, महिन्याभरात मशीनला ऑफसेट (मापातली दुरुस्ती) द्यायला लावायचा, हे सेटरच्या कामात लिहून दिलंय. तो अजून कुरकुरतो. बर काढायचं काम सगळे आळीपाळीनं करतात, तोही करतो. त्यानंतर घेतलेल्या पाचांपैकी तिघं आहेत. एक जण पोलीस भरतीच्या ग्राउंडसाठी सोडून गेला, जाताना पंधरा दिवस आधी सांगून गेला. एक न सांगता गेला, त्याचा मला अजून राग आहे. आणि मशीन चालू असताना मोबाइल हातात दिसला तर मी आजही ओरडतो, बोट गेलं की परत येत नाही.

बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्या येऊ घातल्यात. टोयोटा-किर्लोस्करनं 2024 ला करार केलाय. त्यांच्या पगाराशी माझ्यासारख्याची बरोबरी होणार नाही. शिकवणं तेवढं मला परवडतं.

आपल्याला एकच विनंती. आपल्या छोट्या जाहिरातींत ‘पाहिजेत’ या सदराखाली ज्या नोकऱ्या छापता, त्यात ‘हातात किती’ हा रकाना सक्तीचा करा. माझी पुढच्या रविवारची जाहिरात तशीच पाठवतो, एका ओळीचे पैसे जास्त लागले तरी चालतील.

आपला,
एक लघुउद्योजक,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर