नोटिफिकेशनचे डीफॉल्ट ठरवण्याची जबाबदारी ॲडमिनची

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की मुंबईत डेंगीचे रुग्ण वाढतात आणि त्याबरोबर प्लेटलेटची मागणीही वाढते. दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही आणि दाता अनेकदा ऐनवेळी शोधावा लागतो. लालबाग-परळ परिसरातील रक्तदात्यांच्या एका ऑनलाइन समुदायाचे काम मी काही वर्षे स्वयंसेविका म्हणून पाहते. त्यात आज सातशेच्या आसपास सभासद आहेत. हे काम करताना जी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. नवा सभासद आला की त्याच्या फोनवर कोणत्या संदेशाचा आवाज व्हावा आणि कोणत्याचा होऊ नये, हे त्याने स्वतः काही ठरवण्याआधीच ठरलेले असते. यालाच डीफॉल्ट सेटिंग म्हणतात. काही ॲपमध्ये ते ठरवणे ॲडमिनच्या हातात असते, आणि आमच्यासारखे बहुतेक ॲडमिन त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री पावणेदहाच्या सुमारास आमच्या समुदायात निरोप आला की अकरा वर्षांच्या एका मुलीसाठी ए निगेटिव्ह प्लेटलेट हव्या आहेत आणि दात्याने सकाळी सात वाजता रक्तपेढीत पोचायला हवे. या गटाचे नऊ सभासद आमच्याकडे होते आणि त्यांतील एक तर रक्तपेढीपासून चालत दहा मिनिटांवर राहणारे. कोणाचेच उत्तर आले नाही. मध्यरात्रीनंतर आम्ही दोघी-तिघींनी जुन्या वहीतले नंबर काढून फोन लावले. जवळच्या त्या गृहस्थांचा नंबर बदललेला होता. अखेर बदलापूरचे एक सभासद पहाटेची लोकल पकडून आले. मुलीला प्लेटलेट मिळाल्या, पण ठरल्यापेक्षा दोन तास उशिरा, आणि ते दोन तास तिच्या आईने रक्तपेढीच्या बाकावर कसे काढले ते मी पाहिले आहे.

चार दिवसांनी मी त्या जवळच्या सभासदांना भेटले. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. समुदायाच्या नावाशेजारी आवाज बंद असल्याची खूण होती. न वाचलेले संदेश आम्ही दोघांनी मिळून सरकवत पाहिले. एका वाढदिवसाच्या पन्नासेक शुभेच्छा, त्यांना दिलेले धन्यवाद, त्या धन्यवादांना जोडलेले हात, हार्बर मार्ग उशिराने धावत असल्याची तीनदा आलेली एकच बातमी, शिबिराचे एकेक करून पाठवलेले चाळीस फोटो, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ९ वाजून ४७ मिनिटांनी आलेला तो निरोप, दिसायला इतरांसारखाच. 'ताई, मी नाही म्हटले नसते हो, पण मला हाक ऐकूच आली नाही,' असे ते म्हणाले. ते बेस्टच्या बसने कामावर जातात, दिवसभर फोन खणखणत राहतो म्हणून त्यांनी महिनाभरापूर्वी आवाज बंद केला होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तसे निरर्थक संदेशांबरोबर नेमका तो एक निरोपही गप्प झाला.

चूक आमची होती आणि ती कुठे झाली हे नीट सांगायला हवे. आमचा समुदाय व्हॉट्सॲपवरून डिस्कॉर्ड या गटसंवादाच्या ॲपवर आला, त्याला तेव्हा वर्ष झाले होते. डिस्कॉर्डवर सर्व्हर (तेथे समुदायाला असे म्हणतात) चालवणाऱ्यापुढे डीफॉल्ट नोटिफिकेशनसाठी दोन पर्याय असतात: प्रत्येक संदेशाची सूचना, किंवा सभासदाचा उल्लेख झाला, म्हणजे @ लावून त्याला टॅग केले, तरच सूचना. ज्याने आपले सेटिंग स्वतःहून बदललेले नाही, अशा प्रत्येक सभासदाला ॲडमिनची ही निवड लागू होते. सार्वजनिक सर्व्हरसाठी दुसरा पर्याय ठेवावा, अशी कंपनीचीच शिफारस आहे. सगळ्यांना सगळे कळले पाहिजे, या प्रामाणिक भावनेने आम्ही पहिला पर्याय ठेवला. शिवाय त्या रात्रीच्या निरोपात आम्ही कोणाचाही उल्लेख केला नाही. सभासदाने सर्व्हर म्यूट केला तरी त्याला नावाने किंवा त्याच्या गटाच्या नावाने टॅग केल्यास ती सूचना, त्याने तीही वेगळी बंद केलेली नसेल तर, त्याच्यापर्यंत जाते. म्हणजे दार उघडे होते, आम्हीच ते ठोठावले नाही.

ज्याला नको असेल तो सेटिंग बदलेल, असे यावर सहज म्हटले जाते. बहुतेक माणसे ते बदलत नाहीत, हे रक्तदान-अवयवदानाच्या क्षेत्रातल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ मध्ये युरोपीय देशांतील अवयवदानाच्या संमतीची तुलना केली होती. जर्मनीत दात्याने होकार स्वतःहून नोंदवावा लागे आणि तेथे संमतीचे प्रमाण १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवला नसेल तर होकार धरला जाई आणि तेथे ते ९९ टक्क्यांहून अधिक होते. कागदावरची संमती आणि प्रत्यक्षातले प्रत्यारोपण यांत बरेच अंतर असते, त्यामुळे हे आकडे जपून वापरावेत असे माझे मत आहे. परंतु समोर जे ठेवलेले असते तेच बहुसंख्य लोक राहू देतात, एवढे त्यांतून निश्चित दिसते. फोनच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. आवाजाने त्रासलेला माणूस सेटिंगच्या चार पानांत शिरून हवे-नको निवडत बसत नाही, तो सरसकट म्यूट करतो.

सप्टेंबरमध्ये आम्ही डीफॉल्ट बदलून फक्त उल्लेखाची सूचना ठेवली. त्याआधी आमच्या बैठकीत बराच वाद झाला. आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद, ज्यांनी आयुष्यात साठहून अधिक वेळा रक्त दिले आहे, त्यांनी विरोध केला. गप्पा-शुभेच्छांमुळेच लोक समुदायाशी जोडलेले राहतात, आवाज गेला की माणसेही जातील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते आणि पहिल्या दोन महिन्यांत गप्पा खरोखरच कमी झाल्या. म्हणून आम्ही काहीही बंद केले नाही. गप्पांचा कक्ष आहे तसाच राहिला आणि ज्याला त्याचे सर्व संदेश ऐकायचे असतील त्याने ते कसे सुरू करायचे, हे चित्रांसह मराठीत लिहून वर लावून ठेवले. ते ज्येष्ठ सभासद आज तो कक्ष आवाजासह ऐकतात. आवाज सुरू करणे हा आता त्यांचा स्वतःचा निर्णय आहे.

हाक कोणाला मारायची, याचा विचार मात्र मुळापासून करावा लागला. प्रत्येक रक्तगटाचा एक रोल, म्हणजे एकाच नावाने टॅग करता येणारा सभासदांचा उपगट, केला आणि प्रवेशाच्या वेळीच सभासदाला आपला गट निवडायला सांगतो. ए निगेटिव्हची गरज असेल तर त्याच गटाला टॅग केले जाते, बाकीच्यांचे फोन शांत राहतात. रक्त दिल्यावर पुरुषाला ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही, म्हणून तेवढ्या काळापुरता त्या सभासदाचा रोल काढून घेतो. जे देऊच शकत नाहीत त्यांना उठवण्यात अर्थ नाही. प्लेटलेट देणाऱ्यांसाठी वेगळा रोल आहे, कारण त्या ४८ तासांच्या अंतरानेही देता येतात. सर्वांना एकदम हाक मारणारा एव्हरीवन हा उल्लेख आणि सगळे रोल टॅग करण्याची परवानगी फक्त पाच जणांकडे ठेवली. बॉम्बे ब्लड ग्रुपचे दोन सभासद आमच्याकडे आहेत. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी याच शहरात शोधलेला हा गट भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा असतो आणि त्या माणसाला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. या दोघांना वर्षात एखाद-दुसऱ्या वेळी हाक जाईल. ती एक हाक चुकता कामा नये, म्हणून उरलेल्या दिवसांत त्यांच्या फोनला त्रास होऊ न देणे हे आम्ही कर्तव्य मानतो.

जुन्या सभासदांच्या बाबतीत एक पथ्य पाळले. ज्यांनी सेटिंगला कधीच हात लावला नव्हता, त्यांचा आवाज आमच्या बदलाने त्यांच्या नकळत बंद होणार होता. म्हणून आठ दिवस आधी सर्वांना उल्लेख करून कळवले आणि तरुण मुलांनी वयस्कर सभासदांना घरी जाऊन फोन दाखवून समजावले. सर्व ठिकाणी ही व्यवस्था सारखी नसते. झुलिप नावाच्या अशाच दुसऱ्या ॲपमध्ये प्रशासकाने ठरवलेले डीफॉल्ट केवळ नव्याने येणाऱ्यांना लागू होते आणि जुन्यांचे तसेच राहते. मला ती रीत अधिक सभ्य वाटते. आपण कोणत्या साधनावर आहोत आणि आपल्या एका क्लिकने कोणाकोणाचे काय बदलेल, हे ॲडमिनने आधी पाहून घ्यावे.

आपल्या शहरातील बहुसंख्य मराठी माणसे मात्र व्हॉट्सॲपवर आहेत आणि तेथे ॲडमिनला सभासदांचे डीफॉल्ट ठरवता येत नाही. सभासद आठ तास, एक आठवडा किंवा कायमचे म्यूट करू शकतो. तरीही हाताशी असलेले उपाय वापरले जात नाहीत. फक्त ॲडमिननेच संदेश पाठवावेत अशी सोय २०१८ पासून आहे, तेव्हा सोसायटीचे पाणी, लिफ्ट, सभा यांसाठी असा एक ग्रुप आणि गप्पांसाठी दुसरा असे सहज करता येते. टेलिग्रामवर २०१९ पासून आवाज न होऊ देता संदेश पाठवता येतो. रात्री उशिरा आठवलेली गोष्ट त्या मार्गाने पाठवावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो आणि गणेशोत्सवात आमची मंडळे त्याची वेळ घड्याळ लावून पाळतात. त्याच मंडळांच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला वर्गणीचा हिशेब येतो आणि तीनशे घरांत फोन वाजतात. त्या घरांत रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या परिचारिका आहेत, पहाटे तीनला दूध केंद्रावर जाणारे आहेत. एकच शांततेची वेळ सगळ्यांना पुरणार नाही, म्हणून मुळात आवाजच कमी असावा आणि ज्याला हवा त्याने तो वाढवून घ्यावा.

मंडळे, प्रवासी संघटना, शाळांचे पालक-ग्रुप आणि सोसायट्या यांच्या ॲडमिनना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी एका संध्याकाळी अर्धा तास काढून हे सेटिंग एकत्र बसून पाहावे. एखाद्याने ग्रुप म्यूट केला म्हणजे तो आपल्याला टाळतो, ही समजूतही सोडावी. व्हॉट्सॲपने मोठ्या ग्रुपच्या ॲडमिनला नव्या सभासदांसाठी 'फक्त उल्लेखाची सूचना' हे डीफॉल्ट ठेवण्याची सोय द्यावी, आणि ग्रुपमध्ये शिरतानाच 'तुम्हाला सर्व संदेश ऐकायचे आहेत का' असा प्रश्न सभासदाला मराठीत विचारावा, अशी मागणी आपल्या दैनिकातून व्हावी.

आमच्याकडे एक प्रश्न अजून सुटलेला नाही. प्लेटलेटच्या रोलला रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात टॅग करावे की सकाळपर्यंत थांबून आधी फोनने प्रयत्न करावा, यावर बैठकीत दोन बाजू आहेत. येत्या रविवारी आम्ही तो प्रश्न थेट त्या रोलमधील सभासदांनाच विचारणार आहोत.

आपली नम्र,
एक स्वयंसेविका, लालबाग, मुंबई