कृष्णद्रव्य आले कुठून?

महोदय,

कृष्णद्रव्य, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवते असे द्रव्य (डार्क मॅटर), हा कृष्णविवरांचाच साठा, असे अनेकजण धरून चालतात. विषय याहून कितीतरी विलक्षण आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहात न दिसणाऱ्या वस्तुमानाची शंका घेतली होती. आज विश्वात या द्रव्याचा वाटा सुमारे २७ टक्के मानतात. आपल्या ओळखीच्या अणूंचा जेमतेम ५.

ते घडले कसे, याची मला सर्वांत भावणारी कल्पना अशी. महास्फोटानंतरच्या भयंकर उष्णतेत कृष्णद्रव्याचे कण सतत जन्मत होते आणि एकमेकांना भिडून नष्टही होत होते. विश्व प्रसरण पावून निवले, तशी नव्यांची निर्मिती आटली. उरलेले इतके विरळ झाले की त्यांची गाठच पडेना. जत्रा पांगल्यावर मैदानात रेंगाळणाऱ्यांसारखे ते मागे राहिले. अशा कणांची आंतरक्रिया क्षीण बलाच्या (काही किरणोत्सारी क्षयांमागच्या मूलभूत बलाच्या) तोडीची धरली, तर उरणारे प्रमाण जवळपास प्रत्यक्षाइतकेच येते. हा मेळ मला अजूनही थक्क करतो!

तरीही अमेरिकेत साउथ डकोटातील जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, हे कण टिपण्यासाठी द्रवरूप झेनॉन वायूची टाकी घेऊन बसलेल्या शास्त्रज्ञांना असा एकही कण खात्रीने सापडलेला नाही. म्हणून अ‍ॅक्सिऑनसारखे अतिहलके कण आणि पहिल्या काही क्षणांत बनलेली आदिम कृष्णविवरे, हे पर्यायही गांभीर्याने तपासले जात आहेत.

'काही सापडले नाही' ही बातमीही आपल्या विज्ञान पानावर ठळक छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञानशिक्षिका