स्वेटर उलटा करून पाहणाऱ्या आजींना

आदरणीय आजी,

तुमचे नाव विचारायचे त्या दिवशी राहून गेले, म्हणून मनातल्या मनात ज्या नावाने तुम्हाला हाक मारत होते, त्याच नावाने हे पत्र लिहीत आहे. ते तुम्हाला वाचता येणार नाही, याची मला कल्पना आहे. पण आभार माझ्या मनात मराठीतच दाटून आले, तेव्हा ते मराठीतच लिहिणे मला खरे वाटते.

कॅनडातला माझा हा पहिलाच डिसेंबर. कार्यालयातल्या नाताळच्या पार्टीला प्रत्येकाने ‘अग्ली ख्रिसमस स्वेटर’, म्हणजे थट्टेखातर घालायचा नाताळचा कुरूप स्वेटर, घालून यावे, असे निमंत्रणात लिहिले होते. सणाला कपाटातले सर्वांत चांगले वस्त्र काढणाऱ्या घरात मी वाढले. मुद्दाम कुरूप वस्त्र विकत घ्यायचे म्हणजे नेमके काय शोधायचे, हेच मला उमगत नव्हते. शिवाय माझ्या मानेवर आणि मनगटांवर इसब आहे आणि खरखरीत विणीने ते चिडले की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. एका मोठ्या दुकानात मी ही अडचण सांगितली, तेव्हा विक्रेत्याने मोबाइलवरून नजरही न हटवता, “कुरूपच हवा आहे ना, मग कुठलाही उचला,” असे उत्तर दिले. दुसऱ्या दुकानात माझे बोलणे समजत नसल्याचे दाखवून तोच प्रश्न मला तीनदा विचारायला लावला. तो अपमान मी अजून विसरलेली नाही.

तुमच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मी शिरले ती जवळजवळ हार मानूनच. तुम्ही माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, रेनडिअरचे चित्र असलेला एक लाल स्वेटर मेजावर ठेवलात आणि तो चक्क उलटा केलात. बाहेरून मऊ दिसणाऱ्या त्या स्वेटरच्या आत नक्षीचे रंगीत धागे मोकळे लोंबत होते, घुंगरू आणि लोकरीचे गोंडे शिवलेल्या जागी टणक गाठी होत्या. तुम्ही बाहीत हात घालून तो सावकाश फिरवलात, मग तीच बाजू आपल्या मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर घासून पाहिलीत आणि मान हलवून स्वेटर बाजूला ठेवलात. दुसरा, तिसराही तसाच बाजूला गेला. माझ्या त्वचेला काय सोसेल, हे पाहण्यासाठी दुसऱ्या कुणी स्वतःची त्वचा पुढे करावी, असे आई सोडून माझ्यासाठी कुणी केले नव्हते. चौथा, हिरवा स्वेटर तुम्हाला पटला; त्याच्या छातीवरच्या गाठींमागे तुम्ही मऊ सुती कापडाचा तुकडा शिवलात आणि मानेवरचा लेबलचा टाका उसवून काढलात, कारण नुसते कापले तर उरलेली कड टोचते.

शिवता शिवता तुम्ही सांगितलेत की, १९८० च्या दशकात असे स्वेटर लोक हौसेने घालत, कित्येक तर घरीच विणलेले असत आणि ‘कुरूप’ हे नाव त्यांना मागाहून चिकटले. या पार्ट्यांची प्रथाही कॅनडातल्याच व्हँकुव्हर शहरात २००२ च्या सुमारास रुजली. तेव्हापासून त्या स्वेटरकडे पाहताना मला तो विणणारे हात दिसतात. थट्टेसाठी, एका संध्याकाळपुरते घ्यायचे वस्त्र तुम्ही लग्नाच्या शालूइतक्या काळजीने निवडलेत. असा चांगुलपणा अंगी असलेल्या माणसाला समोरच्याचे काम मोठे की क्षुल्लक, हा प्रश्नच पडत नसावा. म्हणूनच परक्या देशात अशी माणसे भेटली की तिथे राहण्याचे बळ येते.

परवा पार्टी झाली. चार तास मी तो स्वेटर घालून वावरले, सर्वांबरोबर पोटभर हसले आणि एकदाही मानेकडे हात गेला नाही. घरी आल्यावर मी तो उलटा करूनच कपाटात ठेवला आहे, दार उघडले की तुम्ही शिवलेला तुकडा आधी दिसावा म्हणून.

तुमची कृतज्ञ,
हिरव्या स्वेटरवाली